भसाड्या शिट्टीचा कुकर

मी एक जुना प्रेशर कुकर आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव तापट आहे. खाली आच लागली की मी पहिल्यांदा गुरगुरतो, मग फुरफुरतो आणि शेवटी असा ओरडतो की ओट्यावरचं मांजर उडी मारून पळतं. पण तापट माणसं मनानं वाईट असतात असं थोडंच आहे? आजवर मी कुणाचा भात करपवलेला नाही. मधे काही दिवस भात कच्चा मात्र राहत होता. त्यावरून आमच्या इंदूबाईच्या जिवाला केवढा घोर लागला, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमची एक चकती यंत्राखाली गेली, वरून दणका बसला आणि तिचं भांडं झालं. ते भांडं म्हणजे मी. माझ्या पुढे भाऊ, माझ्या मागे भाऊ, सगळ्यांची उंची सारखी, झाकणं सारखी, काळे कान सारखे. मग आमची परीक्षा झाली. पोटात पाणी भरून दाब दिला, कुठून गळतो का ते पाहिलं आणि पास झालो तेव्हा अंगावर सरकारी मानकाचा छाप ठोकला. त्या छापाचा मला भारी अभिमान! छाप असला की गिऱ्हाईक डोळे झाकून वस्तू घरी नेतं, असं तिथले लोक म्हणायचे, आणि मी छाती फुगवून ते ऐकायचो.

मला घरी नेलं आबाजींनी. भिवपुरीच्या वीजकेंद्रात त्यांना नवी नवी नोकरी लागली होती. घर मात्र जवळच्या गावात, शेतावरचं. दिवाळीच्या आदल्या दिवशी कर्जतच्या बाजारातून ते मला खांद्यावर घेऊन आले आणि बायकोच्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "इंदू, आता धूर खायची गरज नाय. गॅसची शेगडी पण येतेय."

इंदूबाई तेव्हा तरणी होती. तिनं माझं झाकण चार वेळा लावलं, चार वेळा काढलं आणि खुदकन हसली. पण तिची सासू धोंडूबाई माझ्यावर जाम भडकलेली. पहिल्या दिवशी मी फुरफुरायला लागलो तशी ती थेट अंगणात पळाली आणि तिथून ओरडली, "फुटंल गं बाई ते! बाहेर ये, इंदू, मरशील!" मी शिट्टी मारली तेव्हा शेजारच्या तीन घरांतली माणसं गोळा झाली. कुणी म्हणालं गाडी आली, कुणी म्हणालं गिरणीचा भोंगा. मला तर काय, हसावं की अजून एक मारावी तेच कळेना. मी अजून एक मारली.

भात झाला, सगळ्यांनी वाखाणला. धोंडूबाईनं मात्र ताटाकडे बघून विचारलं, "आणि पेज कुठं हाय?"

"कुकरात पेज निघत नाय, आत्याबाई. पाणी सगळं भातातच मुरतं."

म्हातारीचं तोंड एवढंसं झालं. जन्मभर तिनं सकाळी भाताची गरम पेज मीठ टाकून प्यायलेली. मित्रांनो, आम्ही यंत्रं घरात येतो तेव्हा काहीतरी देतो आणि न विचारता काहीतरी काढूनही घेतो. मी धूर घालवला, वेळ वाचवला आणि त्याबरोबर म्हातारीची पेजही नेली. इंदूबाईला ते बघवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं मूठभर तांदूळ वेगळ्या पातेल्यात शिजवून सासूपुरती पेज काढायला सुरुवात केली. धोंडूबाई असेपर्यंत ते पातेलं माझ्या शेजारी शेगडीवर असायचं.

हळूहळू सगळ्या गावात माझे भाऊबंद आले आणि बायकांची बोलीच बदलली. भात 'करायचा' असतो हे जाऊन कुकर 'लावायचा' असतो असं झालं. "थांब गं, दोन शिट्ट्यांत येते," असं म्हणून बायका वेळ सांगायला लागल्या. घड्याळ भिंतीवर असलं तरी राज्य माझंच होतं.

आमच्या घरात भाताला तीन शिट्ट्या. पण इंदूबाई काही ओट्यापाशी उभी राहणारी नव्हे. कुकर लावला की ती मागच्या अंगणात, कधी खळ्यात, कधी गोठ्यात. हात कामात, तोंड शेजारणीशी, मग शिट्ट्या मोजणार कोण? म्हणून तिनं युक्ती काढली. पदरात तीन चिंचोके बांधून ठेवायचे. एक शिट्टी झाली की एक चिंचोका खाली ठेवायचा. पदर रिकामा झाला की आत येऊन गॅस बंद. आबाजी चिडवायचे, "आमच्या बायकोचा हिशोब बघा, बँकेत पण नाय असा." ती म्हणायची, "तुमच्या बँकेत भात शिजतो का?"

आणि माझा आवाज! तो काही जन्मतः भसाडा नव्हता बरं का. एकदा घासताना शिट्टी इंदूबाईच्या हातातून निसटली, मोरीच्या दगडावर आपटली आणि तिच्या कडेचा टवका उडाला. काम चोख करायची, पण सूर गेला तो गेलाच. फिस्स करून जी काही घोगरी आरोळी निघायची, ती ऐकून आबाजी म्हणाले, "कोंबड्याला पडसं झालंय जसं." नवी शिट्टी आणू म्हणाले, पण इंदूबाई आणू देईना. लांब खळ्यातून ऐकू आलं तरी आपला तो आपला म्हणून कळतो, असं तिचं म्हणणं. मला आधी वाईट वाटलं होतं. नंतर मीही त्या आवाजाचा तोरा मिरवायला लागलो.

वर्षं गेली. आबाजी गेले. इंदूबाईच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळा. उरली होती ती कशी, तर दारात कुणी उभं राहिलं तर सावली दिसावी एवढी. मुलगा ऋषिकेश मोहोपाड्याला कारखान्यात नोकरीला होता, तिथल्याच वसाहतीत राहायचा. तो आईला घेऊन गेला. टेंपोत सगळं सामान मागे आणि मी मात्र इंदूबाईच्या मांडीवर. ऋषिकेश म्हणाला, "आई, आपल्याकडे कुकर आहे गं." ती म्हणाली, "तुझ्याकडं असंल. हा माझा हाय."

सुनेचं नाव नम्रता. तीही तिथल्याच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत. पिंपातल्या मालाचा नमुना काढायचा, तो ठरलेल्या मापात बसतो का ते बघायचं, बसला तर पुढे, नाही बसला तर परत, हे तिचं काम. घरातही तिला सगळं मापात लागे. पण मुलगी गुणाची. सासूला साखर कुठली आणि मीठ कुठलं ते कळावं म्हणून तिनं स्वतःहून साखरेच्या डब्याला रबर लावून ठेवलं होतं. बोट फिरवलं की कळायचं. इंदूबाई पहिल्या दिवशी तो डबा हातात घेऊन कितीतरी वेळ नुसती बसून होती.

दोघं कामावर जात. दुपारचा भात-वरण इंदूबाईकडे. पदर खोचून, हातानं चाचपून, ती सगळं नीट करायची. मूठ मोजून तांदूळ, बोटाच्या पेरावर पाणी. मग चिंचोके घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसायची. ऋषिकेश दुपारी जेवायला आला की त्याच्या पानात वाफाळता भात पडे आणि इंदूबाईच्या तोंडावर असं काही समाधान दिसे की मलाच गहिवरून यायचं. नजर गेली होती तरी या घरात तिच्या हाताला काम होतं, आणि ते काम माझ्या शिट्टीवर चाललेलं होतं.

आणि मग एक दिवस आमच्या, म्हणजे कुकरच्या कंपनीची गाडी वसाहतीत आली.

मोफत सर्व्हिस! भोंग्यावरून पुकारा झाला तशा सगळ्या बिल्डिंगीतल्या बायका आपापला कुकर घेऊन खाली. जवळजवळ सगळे माझ्याच कंपनीचे. इथे एकीनं घेतला की शेजारीण तोच घेते, दुसरा घ्यायची कुणाची छाती होत नाही. आमच्या मागच्या भिंतीला लागून रोहिणीचं घर, तिनं इंदूबाईला हाताला धरून खाली नेलं. गाडीपाशी साईनाथ होता, खालापूरचा, कंपनीचं नाव लिहिलेला टीशर्ट घातलेला, तोंडानं गोड पोरगा.

"आजी, पन्नास वर्षं टिकेल असा करून देतो," म्हणत त्यानं माझं रबर बदललं, सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला आणि शिट्टीही बदलली. "सगळं ओरिजिनल, आजी. जुनी शिट्टी तेवढी जमा करायची असते."

"का रं? तुज्या कंपनीत शिट्ट्यांचं लोणचं घालतात का?"

सगळ्या बायका हसल्या. साईनाथही हसला. इंदूबाईनं जुनी शिट्टी पदराच्या गाठीत बांधली आणि घरी आल्यावर आपल्या पानाच्या डब्यात टाकली. "बरं, ठेवा. पण ही नवीच वापरा हां," एवढं साईनाथनं मागून सांगितलं.

मला नवा आवाज मिळाला. बारीक, गोड, पिपाणीसारखा. पहिल्या दिवशी मी स्वतःवरच खूश होतो. पण दुपार झाली, बिल्डिंगीतल्या सगळ्या घरांत कुकर लागले आणि मी थक्क झालो. वरून तोच आवाज, खालून तोच, भिंतीपलीकडून तोच! सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये, पाइपांच्या मोकळ्या बोळकांडीत, उघडणाऱ्या. शिट्टी कुणीही मारावी, ती सगळ्यांच्या घरात घुमायची. त्यातून रोहिणीचा ओटा आणि आमचा ओटा, मधे एक भिंत. डोळस बाईला मान वळवली की कळतं आपला की शेजारचा. इंदूबाईला कसं कळावं?

तिनं रोहिणीच्या शिट्ट्या मोजल्या. रोहिणीची एक, माझी एक, पुन्हा रोहिणीची एक. पदर रिकामा झाला, ती उठली, गॅस बंद केला. माझ्या पोटात तांदूळ अजून टणक. मी मनात ओरडत होतो, "अगं बाई, थांब! माझी एकच झालीय!" पण मित्रांनो, आच बंद झाली की आम्हाला तोंड उघडता येत नाही.

पहिल्या दिवशी ऋषिकेश म्हणाला, "आई, आज भातानं उपास धरलाय वाटतं." हसण्यावारी गेलं. दुसऱ्या आठवड्यात डाळ तशीच. मग पुन्हा भात. नम्रता मुकाट्यानं सगळं परत शिजवायची, पण तिच्या कपाळावरची आठी मला दिसायची. इंदूबाईलाही जाणवायची. नजर नसली तरी कळतंच की.

मग आबाजींची तिथी आली. त्या दिवशी इंदूबाईनं हट्टानं सगळा स्वयंपाक स्वतः केला. आबाजींना आवडायचा तो पावट्याचा रस्सा, खीर, भात. पान वाढलं, कावळ्यासाठी गच्चीवर नेलं. ऋषिकेशनं भाताची मूद उचलली आणि ती हातातच भुरभुरली. कच्ची.

इंदूबाईनं हात पुढे करून ताटातली दोन शितं बोटांत चुरडली आणि खाली बसली. त्या दिवशी ती जेवली नाही. संध्याकाळी मला घासायला घेतलं, तेव्हा माझ्याशी बोलायला लागली. घरात कुणी नव्हतं.

"तुझं बरं हाय रं," ती म्हणाली. "तू बिघडलास तर रबर बदलून देतात. माज्या डोक्याचं रबर कुठं मिळंल? तीन शिट्ट्या मोजाय येईनात मला. त्यांच्या पानावर कच्चा भात वाढला रं मी."

माझा जीव तळमळला. तिचं डोकं लख्ख होतं! ती एकही शिट्टी चुकली नव्हती, ऐकली तेवढी सगळी मोजली होती. हे या घरात फक्त मला ठाऊक होतं आणि मी मेला ॲल्युमिनियमचा ठोकळा, ओरडता येतं पण बोलता येत नाही!

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी नम्रता नवऱ्याला म्हणाली, "आईंना डॉक्टरांना दाखवू या. विसरायला लागल्यात त्या."

"तिला सगळं आठवतं गं. माझ्या शाळेतल्या मास्तरांची नावं सांगते."

"जुनं आठवतं, आताचं विसरतं, असंच असतं ते. आज शिट्ट्या विसरल्या, उद्या गॅस चालू ठेवून विसरल्या तर? मी ड्युटीवर असते, माझा जीव टांगणीला लागतो रे."

"तिचं स्वयंपाकघर काढून घेतलंस तर ती करेल काय दिवसभर?"

नम्रताला सासू नकोशी नव्हती, सासूला काही होऊ नये एवढंच हवं होतं. मला तिचा राग आला होता, खोटं का बोलू? पण तो राग फार वेळ टिकला नाही, कारण भांडी लावताना तिनं हळूच डोळे पुसलेले मी पाहिले.

फोनवर बोट फिरवलं आणि दोन दिवसांत घरी इंडक्शनची शेगडी आली. आग नाही, धूर नाही, वेळ झाली की आपोआप बंद. मला तिच्यावर ठेवलं तर बाईसाहेब टीं टीं करून किंचाळायला लागल्या. तिला म्हणे लोखंडी किंवा स्टीलचंच बूड लागतं. ॲल्युमिनियम तिच्या हिशेबी भांडंच नाही! अंगावर सरकारी छाप असलेला मी, आणि मला ओळखच दाखवीना. तेव्हा ठरलं की खालापूरच्या दुकानात एक्सचेंज ऑफर आहे, जुना कुकर द्यायचा आणि स्टीलचा घ्यायचा.

इंदूबाईनं त्या शेगडीवरून हात फिरवला. सगळं काचेसारखं गुळगुळीत.

"बटणं कुठं हायत गं?"

"बटणं नसतात याला, आई. नुसतं बोट लावायचं."

"कुठं लावायचं?"

हे नम्रताच्या लक्षातच आलं नव्हतं. मग ती म्हणाली, "तुम्ही कशाला त्रास घेता आता? दुपारचा डबा लावू आपण ॲपवरून. गरम येतो, वेळेवर येतो. सोमवारपासून सांगते."

"बरं," इंदूबाई म्हणाली. एवढंच. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

रविवार उजाडला. ऋषिकेशनं निघायला हेल्मेट हाती घेतलं, मला ठेवायला पिशवी शोधायला लागला. इंदूबाई म्हणाली, "न्यायच्या आधी एक भात लावू दे मला. शेवटचा."

नम्रता घरीच होती. तिनं नाही म्हटलं नाही. फक्त सासूचा पदर कुठे आचेत जाऊ नये म्हणून ती दाराशी उभी राहिली. इंदूबाईनं मुठीनं तांदूळ घेतले, बोटाचं पेर बुडवून पाणी पाहिलं, झाकण लावलं, गॅस पेटवला आणि उंबऱ्याशी बसून मांडीवर तीन चिंचोके काढले. मी हळूहळू तापायला लागलो. मनातून रडवेला झालो होतो, पण काम ते काम.

भिंतीपलीकडून शिट्टी झाली. इंदूबाईनं एक चिंचोका जमिनीवर ठेवला.

नम्रतानं माझ्याकडे पाहिलं. माझी शिट्टी जागची हललीही नव्हती. तिनं भुवया आक्रसल्या. तिला वाटलं, आपलं लक्ष नव्हतं बहुतेक. ती ओट्याच्या जवळ आली आणि माझ्यावर नजर लावून उभी राहिली. पुन्हा शिट्टी झाली, पुन्हा पलीकडून. दुसरा चिंचोका जमिनीवर. मग मी फुरफुरलो आणि जोर लावून माझी पहिली शिट्टी मारली. तिसरा चिंचोका. इंदूबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, चाचपत ओट्याशी आली आणि तिनं गॅसच्या बटणाला हात घातला.

नम्रतानं तो हात वरच्या वर धरला.

"आई, थांबा. आपली एकच झालीय."

"तीन झाल्या गं. मी मोजल्या."

"तीन झाल्या. पण दोन आपल्या नव्हत्या."

"मग कुणाच्या?"

नम्रतानं दुसऱ्या हातानं भिंतीवर धपधप मारलं. "रोहिणी! ए रोहिणी! तुझा कुकर लागलाय का?"

"हो, वाटाणे लावलेत!" पलीकडून आवाज आला. "दोन झाल्या, अजून दोन व्हायच्यात. का गं?"

नम्रताचा भिंतीवरचा हात तिथेच राहिला. मीसुद्धा फुरफुरायचा थांबलो असतो, पण ते माझ्या हातात नसतं.

"म्हंजे..." इंदूबाईनं सुनेचं मनगट धरलं. "म्हंजे नम्रता, माजं डोकं..."

"जागच्या जागी आहे, आई! डोकं जागच्या जागी आहे आणि कानही. सगळ्या बिल्डिंगीला एकच शिट्टी बसवून गेलेत ते, तुम्ही तरी काय करणार?" आणि ती मुलगी सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. "मी तुम्हालाच बिघडलेल्या समजले. आबाजींच्या तिथीला तुम्ही जेवला नाहीत, तरी माझ्या डोक्यात आलं नाही."

"उगी, उगी," इंदूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. ती स्वतःही रडत होती आणि हसतही होती. "माज्या तरी कुठं आलं? सगळ्यांनी शानपणा केला, आणि शिट्टी लबाड निघाली."

ऋषिकेश पिशवी हातात घेऊन दारात आला. "निघू का? दुकान..." त्यानं दोघींकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली.

भात त्या दिवशी नम्रतानं सासूचा हात हातात धरून पूर्ण शिजू दिला. इंदूबाईनं पहिला घास घेतला, शितं जिभेवर घोळवली आणि नुसती मान हलवली. पण पुढे काय? शिट्ट्या तर रोज सगळ्यांच्या होणार. नम्रता साखरेच्या रबर लावलेल्या डब्याकडे बघत बसली होती. "डब्याला रबर लावलं," ती स्वतःशीच म्हणाली, "शिट्टीला काय लावू?"

इंदूबाईनं कमरेचा पानाचा डबा काढला. सुपारीच्या खालून, कात बाजूला करत, चुन्याचे डाग पडलेली माझी जुनी शिट्टी बाहेर आली.

पण नम्रता ती नम्रता! तपासल्याशिवाय ती काही कुकरावर ठेवणार नव्हती. सगळे रिक्षानं खालापूरला निघाले, मी पुन्हा इंदूबाईच्या मांडीवर. साईनाथचं स्टँडजवळ दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, डोकं खाजवलं. मग सुईनं शिट्टीचं भोक साफ केलं, काट्यावर एकदा जुनी ठेवली, एकदा नवी.

"वजन सारखं आहे, ताई. कंपनीही आमचीच. कडेचा टवका उडालाय, त्यानं दाबाला काही होत नाही, आवाज तेवढा बदलतो. पण चालवून बघितल्याशिवाय मी देणार नाही." त्यानं मला पाणी घालून स्वतःच्या शेगडीवर चढवलं. "आजी, खरं सांगू? आम्ही एवढ्या शिट्ट्या बदलल्या, पण घरात कुणी आवाजावर चालत असेल, असं मनात आलं नाही."

मी तापलो. गुरगुरलो, फुरफुरलो आणि दिली ठोकून! घोगरी, भसाडी, पडसं झालेल्या कोंबड्यासारखी आरोळी. बाहेर रिक्षावाले वळून बघायला लागले. इंदूबाई स्टुलावर बसली होती, तिनं टाळीच वाजवली. "हाच! हाच माजा!"

येताना नम्रता म्हणाली, "आई, मला फार वाईट वाटतंय."

"नको वाटून घेऊ. माज्या सासूला पेज लागायची, मी तिच्यापुरतं पातेलं ठेवलं व्हतं. तसं तू माज्यापुरती शिट्टी ठेव, बास."

तर मित्रांनो, अशी ही माझी कथा. आता डबा लागला नाही आणि मीही कुठे गेलो नाही. इंडक्शनबाईही ओट्यावर आहेत, नम्रता सकाळी तिच्यावर चहा करते. मी तिच्याशी भांडत नाही, तिची तऱ्हा वेगळी, माझी वेगळी. नवं घरात आणू नका असं मी कशाला सांगू? मीही एकदा नवाच होतो आणि एका म्हातारीच्या तोंडची पेज घेऊन आलो होतो. एवढंच सांगतो, नवं आणाल तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या हातांना त्यावर काय सापडतं ते विचारा. आणि आजी-आजोबांचं काही चुकलं तर लगेच डोक्याकडे बोट दाखवू नका. त्यांच्या शेजारी जाऊन जरा वेळ उभं राहा आणि त्यांना ऐकू येतं ते तुम्हीही ऐका.

हे बघा, दुपार झाली. बिल्डिंगीत पिपाण्या वाजायला लागल्या. वरून एक, खालून एक, रोहिणीची एक. इंदूबाई उंबऱ्याशी बसली आहे, तिन्ही चिंचोके मांडीवर तसेच. तिला काही घाई नाही. आता मी ओरडतो, घोगरा, आणि एक चिंचोका जमिनीवर येतो. पुन्हा ओरडतो, दुसरा येतो. तिसऱ्यांदा मी जीव खाऊन ओरडतो आणि भिंतीपलीकडून रोहिणी हाक मारते, "आजी, तुमची झाली हो!"

"कळलं गं, मला कळलं!" इंदूबाई म्हणते, उठते आणि आपल्या हातानं गॅस बंद करते.